म्हाताऱ्या कुत्र्याचं आजारपण : कोणती तपासणी करायची, कोणती सोडायची

अकरा-बारा वर्षांचं कुत्रं दोन दिवस जेवलं नाही की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "म्हातारं झालंय, आता सुया टोचून हाल नका करू." दुसरा, बहुतेक वेळा पुण्याहून फोनवर, म्हणतो, "सगळ्या टेस्ट करून टाका, पैशाचं बघू." दोघंही मायेपोटीच बोलतात, पण त्यात निर्णय असा कुठेच नसतो. म्हणून प्रत्येक तपासणीआधी एकच प्रश्न विचारा : रिपोर्ट वाईट आला तर आपण काय करणार, आणि चांगला आला तर काय करणार? दोन्ही वेळा उत्तर एकच येत असेल तर ती तपासणी सोडा. उत्तरं वेगळी असतील तर करा, मग कुत्रं आठ वर्षांचं असो की चौदा.

लॅब्रडॉर, जर्मन शेफर्डसारखी मोठी कुत्री सातव्या-आठव्या वर्षी म्हातारपणात शिरतात. पॉमेरेनियन आणि आपली गावठी दहाव्याच्या आसपास.

१. थांबता येणार आहे का, ते आधी पाहा

पुढचं दिसलं तर वही, रिपोर्ट, चर्चा काही नको, आहे त्या घडीला निघा. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर. पोट टम्म फुगलंय, ओकारीचा जोर लावतंय पण बाहेर काहीच येत नाही (मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो, त्यात जीव काही तासांत जाऊ शकतो). लघवीला जोर लावतंय आणि थेंब नाही. फिट पाच मिनिटांहून जास्त वेळ चालू आहे. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांत मलूल झाली, घटाघटा पाणी प्यायला लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. पू बाहेर दिसेलच असं नाही, आणि न दिसणारा प्रकार जास्त धोक्याचा. याला ऑपरेशन हाच खरा इलाज, आणि म्हाताऱ्या मादीतही तो टाळून वेळ काढण्यात शहाणपण नसतं.

याच्या उलटही होतं. म्हातारं कुत्रं सकाळी उठतं ते मान एका बाजूला वाकडी, डोळ्यांची बुबुळं सारखी आडवी हलताहेत, चालताना गोल फिरून पडतंय. घरात सगळे म्हणतात पॅरालिसिस झाला, आता संपलं. बऱ्याचदा तो आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा झटका असतो. दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रं हिंडूफिरू लागतं, मान थोडी वाकडी राहिली तर राहते. डॉक्टरांना दाखवायचंच, पण पहिल्या दिवशी 'झोपवून टाका'चा निर्णय घ्यायचा नाही.

२. तीन दिवसांची वही

तातडी नसेल तर तीन दिवस नोंद ठेवा. या वहीमुळे निम्म्या तपासण्या आपोआप गळून पडतात.

पाणी : सकाळी एक लिटरची बाटली मोजून भांड्यात ओता, संपलं की पुन्हा मोजून. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं वजा करा. किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर गेलं तर ते जास्त. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने दोन लिटर ओलांडले की किडनी, मधुमेह, हॉर्मोन, मादी असेल तर गर्भाशय, हे सगळं रांगेत येतं. एप्रिलच्या उन्हात थोडं वाढणारच. पण 'वय झालं म्हणून पाणी जास्त पितो' असं काही नसतं.

श्वास : गाढ झोपेत असताना छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक. तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. ३० च्या आत हवं. थंड खोलीत, झोपेत, दोन-तीन रात्री ३० च्या वर येत असेल तर हृदय किंवा फुप्फुस. हा आकडा फुकट मिळतो, आणि हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्यात औषध लागू पडतंय की नाही ते इतर कशाहीपेक्षा आधी तोच सांगतो.

वजन : कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे. वजा करा. मोठ्या कुत्र्याचं दवाखान्यातल्या काट्यावर.

व्हिडिओ : लंगडणं, खोकला, फिट, उठताना होणारी धडपड, सगळं मोबाईलवर घ्या. चालण्याचा व्हिडिओ बाजूने आणि समोरून, दहा-दहा सेकंद पुरे. दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं लंगडणं विसरून सरळ चालतं आणि तुम्ही खोटे पडता.

३. पिशवीत काय न्यायचं

- लसीकरणाचं पुस्तक आणि जुने सगळे रिपोर्ट, तारखेने लावून
- चालू औषधांची पाकिटं (नाव आठवतंय यावर विसंबू नका). हळद, काढे, टॉनिक धरून
- वही आणि व्हिडिओ
- सकाळची पहिली लघवी, स्वच्छ कोरड्या बाटलीत

लघवी धरायला जुन्या ओगराळ्याचा दांडा काठीला बांधा. कुत्रं लघवीला लागलं की पहिली धार जाऊ द्या आणि मागून हळूच ओगराळं सरकवा. समोरून गेलात तर ते थांबतं आणि मग तासभर करत नाही. पाच-सहा तासांत पोहोचवा, तोवर फ्रिजमध्ये, भाजीपासून लांब.

आणि खाण्याबद्दल खरं सांगा. आपल्या नाशिकची दोन लाडकी पिकं कुत्र्याला विष आहेत. द्राक्षं आणि बेदाणे किडनी अचानक बंद पाडू शकतात. किती खाल्ल्यावर, हे कुत्र्यागणिक बदलतं, त्यामुळे 'दोनच मणी दिले' याला अर्थ नाही. कांदा, कच्चा असो की रश्श्यातला, लाल पेशी फोडतो आणि रक्त कमी करतो. जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात उलट्या करणारं कुत्रं दवाखान्यात आलं की बागेत गेलं होतं का, हा प्रश्न आधी यायला हवा. डॉक्टरांनी नाही विचारलं तर तुम्ही सांगा. फवारणीच्या दिवसांत गेलं असेल तर तेही.

४. पहिली फेरी : रक्त आणि लघवी एकत्र

बहुतेक म्हाताऱ्या, मलूल कुत्र्यांना सुरुवात एवढ्यावरच करावी : रक्तपेशींची मोजणी आणि काचपट्टीवरचा स्मिअर (रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), किडनीसाठी क्रिएटिनीन, युरिया, फॉस्फरस, यकृताचे एएलटी आणि एएलपी, बिलिरुबिन, प्रथिनं व अल्ब्युमिन, साखर, आणि लघवी. आठ-दहा तास उपाशी, पाणी मात्र चालू. इन्शुलिनवर असेल तर उपाशी ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

स्मिअर का, तर गोचीड तापामुळे. एर्लिकिया, बबेसिया हे गोचिडीतून येणारे आजार आपल्याकडे घरोघरच्या कुत्र्यांत सापडतात. म्हाताऱ्या कुत्र्याचा ताप, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, कमी प्लेटलेट्स याला लोक कॅन्सर समजून हात टेकतात आणि निघतो गोचीड ताप. एर्लिकियाला साधारण २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. गोळी जेवणाबरोबर आणि वर पाणी पाजून द्यायची, नाहीतर अन्ननलिकेला चिकटून जखम करते. बबेसियाची औषधं वेगळी. स्मिअर स्वच्छ आला म्हणजे ताप नाहीच असंही नाही, गरज पडली तर रक्ताची किटवरची झटपट तपासणी किंवा पीसीआर (जंतूचा अंश शोधणारी लॅबमधली तपासणी).

इथली मोठी चूक क्रमाची. कुत्रं गळून गेलेलं असतं, आल्या आल्या सलाईन लागतं आणि लघवी दुसऱ्या दिवशी तपासली जाते. सलाईननंतरची पातळ लघवी किडनीबद्दल काहीच सांगत नाही. क्रिएटिनीन वाढलंय आणि सलाईनआधीची लघवी घट्ट आहे (विशिष्ट गुरुत्व १.०३० च्या वर), तर दोष बहुधा पाणी कमी पडल्याचा. क्रिएटिनीन वाढलंय आणि लघवी पातळ, तर बहुधा किडनीचा. एवढा मोठा फरक एका ओगराळ्यावर ठरतो. हे गुरुत्व रिफ्रॅक्टोमीटरने (लघवीचा घट्टपणा मोजायचं छोटं उपकरण) मोजायला सांगा, लघवीत बुडवायच्या पट्टीवरचा रंग कुत्र्यांत भरवशाचा नसतो.

दुसरी चूक, 'ताकदीचं इंजेक्शन'. त्यात स्टिरॉइड असेल तर कुत्रं संध्याकाळी शेपूट हलवत जेवतं, घरात आनंद होतो आणि खरा आजार झाकला जातो. लसिकाग्रंथींचा कॅन्सर (लिम्फोमा) असेल तर निदान गढूळ होतं आणि पुढच्या केमोथेरपीलाही तो दाद देईनासा होतो. इंजेक्शनच्या आधी नम्रपणे विचारा, "डॉक्टर, यात स्टिरॉइड आहे का? रक्त आधी घेऊया का?" चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत.

५. रिपोर्ट वाचताना

नमुना माणसांच्या लॅबमध्ये गेला असेल तर कागदावर 'नॉर्मल' म्हणून छापलेले आकडे माणसांचे असतात. मग लाल, ठळक अक्षरं बघून झोप उडते. उदाहरणं बघा.

पांढऱ्या पेशी १४,००० : माणसात जास्त, कुत्र्यात ठीक (साधारण ६,००० ते १७,०००). स्वादुपिंडाचं अमायलेज ८०० : माणसात धोक्याची घंटा, कुत्र्यात नेहमीचं. थायरॉइडचं टी-४ दोन : माणसात खूप कमी, कुत्र्यात नॉर्मल (साधारण १ ते ४). शिवाय दुसऱ्या कुठल्याही आजाराने कुत्र्याचं टी-४ खाली येतं. म्हणजे आजारी कुत्र्याच्या एका टी-४ वर जन्मभराची थायरॉइडची गोळी सुरू करायची नसते. थायरॉइडच्याच टीएसएच तपासणीचं माणसांचं किट तर कुत्र्याला उपयोगाचंच नाही.

प्लेटलेट्स उलट. माणसात दीड लाखावर सगळं छान, कुत्र्यात दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात. पण मशीनने चाळीस हजार दाखवल्या तर घाबरण्याआधी काचपट्टी बघायला सांगा. गुठळ्या झाल्या असतील तर मशीन कमीच मोजतं.

एएलपी एकटं वाढलेलं आणि कुत्रं खातंपितं असेल तर 'लिव्हर गेलं' म्हणू नये. कुत्र्यात स्टिरॉइडनेसुद्धा ते चढतं. त्याच्यावर लिव्हर टॉनिकची बाटली हा सगळ्यात सोपा आणि बहुतेक वेळा निरुपयोगी उपाय.

क्रिएटिनीन मात्र हलक्यात घेऊ नका. किडनीचं सुमारे तीन चतुर्थांश काम गेल्यावर ते चढतं. किडनीच्या जुनाट आजारात, अंगात पाणी नीट भरलेलं असताना, १.४ ते २.८ दुसरा टप्पा, २.९ ते ५ तिसरा, ५ च्या वर चौथा. हाडं दिसणाऱ्या कुत्र्याचे स्नायू झडलेले असतात, म्हणून त्याचा आकडा खऱ्यापेक्षा बरा दिसतो.

६. दुसरी फेरी : फक्त उत्तर बदलत असेल तर

सोनोग्राफी : पोटातली गाठ, गर्भाशय, मूत्राशयातले खडे, नसबंदी न झालेल्या नराची प्रोस्टेट. रिकामं पोट आणि भरलेलं मूत्राशय हवं, म्हणजे निघण्याआधी दोन-तीन तास लघवीला नेऊ नका. पोटावरचे केस काढतात, घरी आल्यावर दचकू नका. सोनोग्राफी आकार दाखवते. ती किडनी किती काम करते ते सांगत नाही, आणि गाठ कसली आहे हेही नाही.

एक्स-रे : खोकला, धाप, कंबर, मणका. कॅन्सर पसरलाय का ते बघायचं तर छातीचे तीन कोनांतून घ्यावे लागतात. एकाच फोटोवर 'छाती क्लिअर' हे अर्धं उत्तर.

इको (हृदयाची सोनोग्राफी) : छातीत मर्मर (ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकू येतोय आणि श्वास वाढलाय, किंवा भूल द्यायची आहे, तेव्हा.

गाठीची सुई (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून बघणं) : ही मला सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी वाटते, आणि लोक नेमकी हीच टाळतात. एक सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा महिनाभर राहिलेली कुठलीही गाठ सुईने तपासून घ्यावी. भूल लागत नाही. म्हाताऱ्या लॅब्रडॉरच्या अंगावरच्या कित्येक मऊ गाठी नुसत्या चरबीच्या निघतात आणि विषय संपतो. हाताला चरबीसारख्या लागणाऱ्या सगळ्याच चरबीच्या नसतात, म्हणून सुई. त्या पेशींच्या वाळवलेल्या काचपट्ट्या पशुरोग तपासणाऱ्या लॅबला मुंबई-पुण्याला कुरिअरने जातात, कुत्र्याला न्यावं लागत नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न लावून बघा. तेरा वर्षांचं कुत्रं, पोटातल्या प्लीहेवर (स्प्लीन) गाठ. ऑपरेशन करायचंच नाही असं घरात ठरलेलं असेल तर दर पंधरवड्याला सोनोग्राफी कशासाठी? गाठ दोन सेंटिमीटर वाढली हे कळून काय करणार? उलट ऑपरेशनचा विचार असेल तर आधी छातीचे तीन एक्स-रे आणि इको हवेच. प्लीहेच्या वाईट प्रकारच्या गाठीत (हिमँजिओसार्कोमा) नुसतं ऑपरेशन करून साधारण एक ते तीन महिने मिळतात, साध्या गाठीत कुत्रं पूर्ण बरं होतं. हा जुगार आधी समजून घ्यायचा, मग सही करायची.

७. मुंबईला न्यायचं का?

नाशिकमध्ये रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी, नेहमीची ऑपरेशनं होतात. सरकारी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, खासगी दवाखाने गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड असे सगळीकडे आहेत. त्यापुढचं लागलं तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (१८८६ पासूनचं), त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय.

पण आधी रिपोर्ट पाठवा, अपॉइंटमेंट घ्या आणि विचारा, "नाशिकला होत नाही असं नेमकं काय तुम्ही करणार?" उत्तर मिळालं तरच निघा. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, आणि धाप लागलेल्या कुत्र्यासाठी तो प्रवासच मोठं संकट आहे. धाप असेल तर आधी इथे स्थिर करून घ्या. पहाटे निघा, मागच्या सीटखालची पोकळी उशांनी भरा, पोट हलकं ठेवा, इगतपुरीला थांबून पाणी पाजा, घाट उतरताना मागे कोणीतरी बसलेलं असू द्या.

८. उपचार ठरवताना चार गोष्टी वदवून घ्या

डॉक्टरांशी बोलताना हे चार प्रश्न लिहूनच न्या. आजार बरा होणार आहे, आटोक्यात राहणार आहे, की आपण फक्त त्रास कमी करतोय? औषध लागू पडलं हे कशावरून कळणार? किती दिवसांत? आणि खर्च आज किती, दर आठवड्याला किती, दर महिन्याला किती?

तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग सलाईन वीस दिवस चालतं. किडनी अचानक बिघडली तर ४८ ते ७२ तास शिरेतून सलाईन, मग क्रिएटिनीन पुन्हा. उतरलं तर पुढे, अजिबात हललं नाही आणि कुत्रं ओकतंच आहे तर बसून बोलायची वेळ. सांधेदुखीला दोन ते चार आठवडे. मुदत आणि खूण दोन्ही वहीत लिहा : '१५ तारखेपर्यंत स्वतः उठून अंगणात गेला पाहिजे.'

लिम्फोमात हा हिशोब उघडा दिसतो. काहीच न केल्यास महिना-दीड महिना, नुसत्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडवर साधारण एक-दोन महिने, पूर्ण केमोथेरपीवर बऱ्याच कुत्र्यांना दहा ते चौदा महिने, तेही बहुतेक काळ खातपीत. यातला कुठलाही रस्ता निवडणारा चुकीचा नाही. पण स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करून महिन्याने केमोचा विचार, हा रस्ता नाही.

माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड, पॅरासिटामॉल, कुठलीच घरच्या अंदाजाने नाही. (जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ पासून देशात बंद आहे, ते गिधाडांपायी, कुत्र्याच्या जठराची आणि किडनीची ते वेगळीच वाट लावतं.) डॉक्टरांनी मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं तर आधी किडनीचे आकडे बघितलेत ना ते विचारा, खाऊ घातल्यावर द्या आणि उलटी किंवा काळी शी दिसली की थांबवून फोन करा. त्याच्या जोडीला स्टिरॉइड कधीच नाही, जठराला भोक पडू शकतं. काही दिवस चाललेलं स्टिरॉइड किंवा फिटचं औषध एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर उतरवत नेतात. आणि हृदयाच्या कुत्र्याला सलाईन लागलं असेल तर झोपेतला श्वास मोजत राहा, जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरतं.

९. घरात

टाइल्सवर मागचे पाय फाकतात म्हणून कुत्रं उठायचंच सोडतं आणि आपण म्हणतो आजार वाढला. झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत योगा मॅट किंवा सतरंजीचे पट्टे घाला, नखं कापा, तळव्यांमधले वाढलेले केस काढा. बऱ्याच घरांत औषधाइतकाच फरक पडतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत खाली गोणपाट आणि वर घोंगडी, सांधे त्या दिवसांत जास्तच धरतात.

उठू न शकणाऱ्याची कूस दर तीन-चार तासांनी बदला. सिरिंजने भरवायचं तर गालाच्या बाजूने, थोडं थोडं; मान धरता येत नसेल तर अजिबात नाही, अन्न श्वासनलिकेत जातं. तोंड फिरवणाऱ्या किडनीच्या कुत्र्याला आधी मळमळ थांबवायचं औषध, मग जेवण.

१०. थांबायचं कधी

भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज रात्री एक खूण करा : बरा दिवस असेल तर टिक, वाईट तर फुली. बरा म्हणजे काय ते आधीच ठरवा. त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी लिहा, उदाहरणार्थ गाडीचा आवाज आला की फाटकाशी जाणं, पोळीचा तुकडा मागणं, दुपारी उन्हात पसरणं. तीनपैकी दोन गेल्या, की फुली. आठवड्यात फुल्या जास्त व्हायला लागल्या की डॉक्टरांशी दयामरणाचं बोला. दम लागून झोपता येत नसेल किंवा औषधाने वेदना आवरत नसतील तर फुल्या मोजत बसू नका.

घरात कोणी 'पाप लागेल' म्हणणारं असेल तर त्यांनाही कॅलेंडर दाखवा, डॉक्टरांशी बोलायला न्या. वाद घालून मार्ग निघत नाही.

आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना, हे विचारून घ्या. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, लघवी होते, एखादा आचका येतो. त्या वेळी त्याला काही कळत नसतं. मुलं शेजारी असतील तर हे त्यांना आधी सांगा.

देह कुठे न्यायचा हे आदल्या दिवशीच ठरवा. डॉक्टरांना आणि महापालिकेच्या पशुसंवर्धन विभागाला विचारा. स्वतःच्या जमिनीत पुरायचं तर विहीर आणि नाल्यापासून लांब, किमान चार फूट खोल, वर चुना आणि दगड. भुलीचं औषध अंगात राहतं, उकरून खाणारं दुसरं जनावर त्याने मरतं. गोदावरीत सोडायचं नाही. वापरलेल्या सुया झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत भरून दवाखान्यात द्या. कुत्र्याचा परवाना काढलेला असेल तर महापालिकेला कळवा. उरलेल्या गोळ्या गल्लीतल्या दुसऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला अंदाजाने देऊ नका. न फोडलेली पाकिटं डॉक्टरांकडे ठेवा, गरजूला तेच देतील.